रस्त्याकडे तोंड केलेली खुर्ची

महाड-पोलादपूरच्या बायकांच्या मानेला आज वारा लागतो, तो माझ्या धाकट्या काकीमुळे. ज्याला हे पटत नसेल त्याने माझ्याशी भांडायला यावं, मी तयार आहे. काकी मुंबईत एका पार्लरमध्ये काम शिकली आणि गावी परतताना तिथली जुनी फिरती खुर्ची टेम्पोत घालून घेऊन आली. पोलादपूरच्या स्टँडजवळ तिने पत्र्याचा गाळा घेतला आणि खुर्ची मांडली ती थेट रस्त्याकडे तोंड करून. आंबेनळी घाटाकडे जाणारी एसटी थांबली की अर्धी बस आपल्या ओल्या डोक्याकडे टक लावून बघायची. निदान पडदा तरी लाव म्हटलं, तर म्हणाली, "कशाला गो? चोरी करतो काय आपण?"

तिचं सगळं तत्त्वज्ञान पावसाळ्यावर उभं होतं. आमच्याकडे चार महिने काहीच वाळत नाही. त्यात बायका लावणीला दिवसभर चिखलात उभ्या राहायच्या, कमरेपर्यंतचे केस ओलेच बांधायच्या आणि मग डोकं दुखतं म्हणून बाम चोळायच्या. काकीला याचा मनस्वी राग. तिने मानेबरोबर येणारा एक कट काढला. चुलीवरचा भात शिजेपर्यंत केस वाळले पाहिजेत, एवढीच त्याची अट. बारसं असो की हळदीकुंकू, ती समोरच्या बाईच्या अंबाड्यात बिनदिक्कत बोटं घालायची, ओल चाचपायची आणि भर बैठकीत सांगायची, "वास येतोय गो. काप ते." कात्री कायम कमरेला. एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या बाजूने हात घालून तिने नवऱ्यामुलाच्या कानावरची बट उडवली. नवरीने नंतर तिचे आभार मानले म्हणतात.

गावात कुजबुज होतीच, तिला तोंड फुटलं आमच्या थोरल्या काकीकडून. धाकटीची ही सख्खी जाऊ, आणि तिचा शब्द म्हणजे भावकीचा शब्द. ऐन गौरीच्या तोंडावर तिने जाहीर केलं, की जिला गजरा माळता येत नाही ती गौरीपुढच्या फेरात येणार नाही. कापलेल्या केसांत गजरा माळायचा कुठे? आम्ही केस कापलेल्या सगळ्या रडकुंडीला आलो. वर्षभर ज्या नाचाची वाट बघायची, त्यात आम्हीच नाही! दोघी-तिघींनी धाकटीला तोंडावर सुनावलं, "तुझा शेपटा हाय कमरेपर्यंत. तुला काय जातंय?" ते खरंच होतं. काकांना आवडतात म्हणून तिने स्वतःचे केस कधी कापले नव्हते.

गौरीच्या दिवशी दुपारच्या बसच्या वेळी काकी स्वतःच त्या खुर्चीत बसली, भरल्या एसटीसमोर वेणी पुढे घेतली आणि कापली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाहिलं, बसनेही पाहिलं असेल.

संध्याकाळी ती गौरीपुढे आली ती एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, डोक्यावरून गजरा बांधून. मागे आम्ही सगळ्या तशाच.

"ही कुठली तऱ्हा गो?" थोरली कडाडली.

"गजरा सांगितलात, गजरा घातला. गौर आमची पण हाय, आक्का. आम्ही नाय जायच्या."

फेर सुरू झाला. थोरली तोंड फिरवून बसली. पण आम्ही गाणं इतकं बेसूर उचललं की तिला राहवेना, आणि दुसऱ्या कडव्याला ती स्वतःच गायला लागली.

आता महाडच्या प्रत्येक नवरीच्या डोक्यावर तसाच गजरा दिसतो. मागे एका मेकअपवालीला विचारलं, हे कुठून शिकलीस? म्हणाली, "मोबाईलवर बघितलं मॅडम, न्यू स्टाईल आहे." नवरी मांडवात खोळंबली तरी चालेल म्हटलं, पण मी तिला पूर्ण हकीकत ऐकवली.

काकी गेल्या थंडीत गेली. त्यानंतर मी दुसऱ्या कुणाच्या खुर्चीत बसलेच नाही. यंदाच्या पावसात केस खांद्याखाली आले, दिवसभर ओलेच असतात आणि बामाची बाटली उशाशी. परवा गौरीच्या तयारीला गावी आले. थोरली आता थकली आहे, तिला दिसतही नाही. मी पाया पडले तशी तिची बोटं माझ्या अंबाड्यात शिरली आणि तिथेच थांबली.

"वास येतोय गो," ती म्हणाली. "काप ते."

मला रडू आवरेना. उद्या कापणार आहे. खुर्ची अजून गाळ्यातच आहे, आणि दुपारची बसही येते.