बाबांना आवडलेला जावई
“अवो बाई, ते सिरियल बंद केली म्हणतेत. लोकायनं तक्रारी केल्या,” काकू आईला सांगत होती. लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा वास आला की आंधळगावच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. हिंदू मुलगी आणि तिच्या मुसलमान नवऱ्याच्या त्या विनोदी मालिकेसाठी बाबा जेवण थांबवायचे. “पोरगा बेस आहे, असा जावई पायजे,” म्हणून हसायचे. त्या हसण्याच्या भरवशावर मी त्या दिवशी माझ्या कॉलेजातल्या मुसलमान मित्राबद्दल, आमच्या लग्नाच्या विचाराबद्दल सांगणार होते. बाबांनी वडा मोडला. “बरंच झालं. पोरीसोरी पाहून शिकून राहिल्या होत्या.” रिमोट माझ्याच हातात होता. मी एवढंच म्हणाले, “बाबा, बातम्या लावू?”