पाहुणीचा आवाज

नामपूरहून नाशिकची एसटी सुटायची होती, आणि आप्पा खिडकीखाली उभे होते. माझे वडील कांदा मार्केटात मापाडी. बाहेरगावचे व्यापारी त्यांच्या अहिराणीची नक्कल करून हसायचे, आणि आप्पाही त्यांच्यासोबत हसायचे. मी डी.एड.ला निघाले होते. नीट जेव, अभ्यास कर, असं काही ते म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "तठे आपली बोली बोलू नको. लोके हसतीन."

मी पहिलं वर्ष जवळजवळ गप्पच काढलं. वसतिगृहातल्या मुली मला शांत स्वभावाची समजायच्या. खरं तर मी प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन, वाळवून मगच बाहेर काढायचे. दुसऱ्या वर्षी आवाज सापडला, तो नाशिकचा. आज फोनवर आईशी बोलतानाही जीभ चटकन वळत नाही. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांना हे सांगायला नको. जे गावातच राहिले त्यांना मी शिष्ट झाले असं वाटत असेल, तर त्यातही तथ्य आहे.

ज्या मुलांना तोंडानं बोलता येत नाही, त्यांना मी शिकवते. हाताशी टॅब्लेट असतो. चित्रावर बोट ठेवलं की भरून ठेवलेला आवाज तो शब्द बोलतो. 'पाणी' शिकवायचं तर खराखुरा तांब्या आणायचा, ओतायचं, सांडायचं, आणि बोलता बोलता दरवेळी आपणही तेच चित्र दाबायचं. मूल बघत राहतं आणि कधीतरी स्वतःचं बोट पुढं करतं. त्या 'कधीतरी'ला महिने लागतात.

नऊ वर्षांच्या जागृतीनं ते बोट पुढं केलं, तेव्हा आम्ही खुशीत टॅब्लेट घरी दिला. तिची आई सटाण्याकडची, म्हणजे माझ्याच भागातली, पंचवटीत भाजी विकते. आठ दिवसांत ती मेथीच्या जुड्यांसोबत टॅब्लेट परत घेऊन आली.

"मॅडम, राग मानू नका," इथवर ती माझ्यासाठी शहरी बोलली. मग थकून म्हणाली, "मन्ही पोर घरमा पाहुणीसारखी बोलस. सासू तिले 'या, बसा' म्हणस."

सगळे हसले म्हणून जागृतीनं घरी टॅब्लेटला हात लावणंच सोडलं होतं. म्हणजे तिचं बोलणं शाळेच्या फाटकापर्यंतच. चूक माझी होती. 'मला पाणी हवे आहे' हे मीच माझ्या धुतलेल्या आवाजात भरलं होतं. तसं करायला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आप्पांनी सांगितलं होतं.

"मग तुम्हीच रेकॉर्ड करा," मी म्हटलं. ती हसली. "मना आवाजमा मालेच हाक मारी का ती?"

मुद्दा बिनतोड होता. मी वर्गाचं दार लावून स्वतःच अहिराणीत रेकॉर्ड करायला बसले, आणि मला येईना. लाज वाटली, नंतर रागही आला. शेवटी नामपूरला फोन लावला. आप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बोल, ऐकस मी."

"माय, माले भूक लागनी."

"भूक लागेल मानूस इतला हळू बोलस का? जोरमा बोल. मार्केटमा शे अस समज."

अर्धा तास त्यांनी मला बोलायला लावलं. शेजारच्या वर्गातल्या बाई दार ढकलून डोकावून गेल्या. त्या हसल्या, आणि मी थांबले नाही.

नवा आवाज भरून टॅब्लेट पुन्हा जागृतीच्या घरी दिला. पंधरा दिवसांनी पंचवटीत भाजीला गेले. गर्दी होती. जागृती पोत्यावर बसली होती, आई पाठमोरी वांगी तोलत होती. जागृतीनं चित्र दाबलं आणि माझा आवाज बाजारात मोठ्यानं म्हणाला, "माय, माले भूक लागनी."

आईनं मान वळवली नाही. "थांब जराशी, गिऱ्हाईक शे!" ती खेकसली. जागृतीनं पुन्हा दाबलं. पुन्हा ओरडा खाल्ला. पोरगी मजेत होती.

मला तिचा हेवा वाटला. नामपूरला गेले की मला कुणी थांब म्हणत नाही. लगेच चहा येतो, बशीसकट.