ढगाआडचा चंद्र

भाऊबीजेचा चंद्र नखाएवढा असतो आणि सूर्यामागोमाग तोही मावळतो. म्हणून शेजारच्या गच्चीवर त्या संध्याकाळी दरवर्षी गडबड असते. ज्योती तबक घेऊन वर येते, मागून तिची आई पाट आणते, आणि वारा लागू नये म्हणून अण्णा, तिचे वडील, निरांजनाभोवती दोन्ही तळव्यांचा आडोसा धरतात.

भाऊ जवळ नसला की बहिणीनं चंद्राला ओवाळायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. ज्योतीचा भाऊ महेश फौजेत होता. दिवाळीला रजा क्वचितच मिळे. मग ती चंद्राला ओवाळायची आणि ओवाळणी फोनवर भांडून मागायची. तीन वर्षांपूर्वी तो सीमेवरच्या चकमकीत गेला. रीत तशीच राहिली. फोन तेवढा येत नाही. लांबच्या माणसावर माया करायची सवय फौजीच्या घराला आधीपासूनच असते. दुःख आलं तरी ती मोडत नाही.

यंदा खिडकीतून पाहिलं, तर पश्चिमेला ढग दाटलेले.

"दिसत नाही गं, आई," ज्योती म्हणाली. "खाली जाऊया का?"

आईनं पाट मांडला, पदरानं पुसला.

"महेश तिकडं होता तेव्हा तरी कुठं दिसायचा? ओवाळ."

ज्योतीनं ढगांना ओवाळलं. अण्णांनी आडोसा सोडला नाही. तिच्या तबकाबरोबर त्यांचेही हात फिरत राहिले.