ताईच्या जागी आई

आई गेली त्याला सात आठवडे झाले. त्या दिवशी सकाळी कामावर निघण्याच्या गडबडीत दिंडोरीहून ताईचा फोन आला. "आई उठत नाय रे..." एवढंच ती बोलू शकली. पाचच दिवसांपूर्वी मी आईला दिंडोरीच्या बसमध्ये बसवून दिलं होतं. खिडकीतून ती म्हणाली होती, "सुनीशी बोलायचंय मला. लय दिवस राहिलंय." सुनी म्हणजे ताई. तिच्याशी काय बोलायचं होतं, ते मला माहीत होतं.

वडील लवकर गेले. आई द्राक्षबागांत बायकांच्या टोळीबरोबर विरळणीला जायची. घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेले चांगले फुगतात. ताईचा हात तिच्याहून चपळ. सातवीनंतर आईने ताईची शाळा बंद केली आणि तिला बागेत नेलं. मी मात्र शिकत राहिलो, घरातला पहिला पदवीधर झालो, सातपूरला नोकरीला लागलो. माझ्या निकालाचे पेढे वाटताना शेजारणीने विचारलं, "पोरीला का नाय गं शिकवलं?" आई सहज बोलून गेली, "घडातले काही मणी काढावेच लागत्यात, बाई." ताई दारातच उभी होती. तिने पेढा खाल्ला नाही.

पुढे आई माझ्याकडे राहायला आली. मी तिला रोज पेपर वाचून दाखवायचो. कांद्याचा भाव, निवडणूक, कुठल्या तरी देशातली लढाई, तिला सगळं हवं असायचं. लढाईची बातमी आली की विचारायची, "तिथल्या पोरांच्या शाळा चालू हायेत का?" तिची स्वतःची शाळा एका दिवसाची. धाकट्या भावाला कडेवर घेऊन गेली, तो रडायला लागला, मास्तरांनी दोघांनाही घरी पाठवलं. हे ती हसत सांगायची. मला मात्र कधी हसू आलं नाही...

गेल्या उन्हाळ्यात दहावीच्या निकालाच्या दिवसांत एक बातमी होती. चाळिशीतली एक बाई बाहेरून परीक्षा देऊन पास झाली होती. आईने ती दोनदा वाचायला लावली. "आपल्या सुनीचा पण भर की फॉर्म." मी सतरा नंबरचा फॉर्म भरला. जुन्या शाळेतून ताईचा दाखला आईनेच खेटे घालून आणला. ताईला विचारावं, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. मी पुस्तकं घेऊन गेलो तेव्हा ती भडकली.

"काढताना विचारलं नाय, आता घालताना पण नाय! खुडलेला मणी परत चिकटतो का रे?"

हे मी घरी येऊन आईला सांगितलं. ती दोन दिवस नीट जेवली नाही. म्हणूनच ती दिंडोरीला गेली होती.

आईचा जलदान विधी झाला, पाहुणे पांगले, तेव्हा मी ताईला विचारलं, "आई बोलली का गं तुझ्याशी?"

"बोलती कुठं? दुसऱ्या दिवशी सकाळी माझी कात्री घेतली न् माझ्या जागी बागेत गेली. म्हणे, तू घरी बस, वाच. बायका हसल्या, म्हातारे, नातवंडं खेळव घरी. तर त्यांनाच म्हणती, तुमच्यापेक्षा दोन घड जास्तच करीन. चार दिवस गेली. नको म्हटलं तर ऐकती का?"

"मग तू वाचलंस?"

"एक अक्षर नाय. लय राग होता रे. तिची यायची वेळ झाली की मी पुस्तक तेवढं उघडून बसायची... चौथ्या दिवशी मला बघून म्हणाली, वाचून दमली असशील, आज भाकरी मी टाकते."

आता ताई दर रविवारी सातपूरला येते. परीक्षा जवळ आली आहे. आईच्या खाटेवर भिंतीला टेकून गणितं सोडवते, चुकली की स्वतःलाच शिव्या घालते. "आईसाठी नाय हां," तिने पहिल्याच दिवशी मला बजावलं, "मला पास व्हायचंय." परवा जेवणं झाल्यावर ती सवयीने भांडी गोळा करायला लागली.

"ठेव ती. मी घासतो."

"तू? तुला येत्यात का?"

"शिकेन की."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग हातातलं पातेलं माझ्या हातात दिलं, खाटेवर जाऊन बसली आणि चुकलेलं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतलं.