मागचा टेका

गल्लीच्या तोंडाशी ते दुकान होतं. दारात मोटारसायकलींच्या सीटा टांगलेल्या, आत फोमच्या तुकड्यांचा ढीग, आणि ढिगाच्या पायथ्याशी शिलाई मशीनवर वाकलेले गादीवाले. आईबापांनी ठेवलेलं नाव बँकेत आणि दवाखान्यात उपयोगी पडे. बाकी जगाला ते गादीवालेच. स्वभावाने गरीब माणूस, पण धंद्याच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसत. दुसऱ्याने शिवलेली सीट समोर आली की तिच्यावर अंगठा दाबून विचारत, "यावर माणूस बसवता की पोतं?" गिऱ्हाईक ओशाळं होई आणि सीट तिथेच ठेवून जाई.

शेजारी एक गॅरेज होतं. त्याच्या मालकाला सगळे 'थांबा' म्हणत. गाडी कधी मिळेल असं कुणी विचारलं की त्याच्याकडे तेवढं एकच उत्तर असे. या दोघांची मैत्री जुनी आणि भांडणं रोजची. "तू जन्मभर लोकांच्या बुडांची काळजी केलीस, डोक्याची कधी केली नाहीस," असं थांबा म्हणे, आणि गादीवाले त्याला चहा पाजून गप्प करत.

दिव्याखाली अंधार मात्र होताच. गादीवाल्यांची आई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला मधूनच ठसका लागे, आणि तेवढ्यात कुणी उठवून बसवलं नाही तर श्वास कोंडे. त्यामुळे वहिनी तिच्या उशाशी बसून असत. सगळी गल्ली गादीवाल्यांच्या बायकोला वहिनीच म्हणे, मग आपणही तसंच म्हणू. त्या बसत ते एका लाकडी स्टुलावर, ज्याचा एक पाय किंचित आखूड होता. एकदा गादीवाल्यांनी मोठ्या हौसेने त्या स्टुलासाठी गादी शिवून आणली. वहिनींनी ती हातात घेतली, दाबून पाहिली आणि परत दिली.

"नको हो. यावर बसले तर मला झोप लागेल. इकडे आईंना ठसका लागला तर कळायचंही नाही."

गादीवाल्यांना ती आपल्या कामाची पावती वाटली. हसत हसत ते गादी दुकानात घेऊन गेले आणि ती कुणा गिऱ्हाइकाला विकूनही टाकली. बायको बिनझोपेची जगते आहे, हे त्या वाक्यात त्यांना ऐकू आलं नाही. नवऱ्यांना अशा गोष्टी सहसा ऐकू येत नाहीत.

आई गेली, तोवर वहिनींची झोपही कायमची गेली होती. आडव्या पडत, डोळा लागतोय न लागतोय तोच दचकून उठत आणि रिकाम्या पलंगापाशी जाऊन उभ्या राहत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी नुसतं तोंड कोरडं पडलं.

वहिनींची आता एकच इच्छा उरली होती. त्यांची थोरली बहीण घाटापलीकडे, दिवसभराच्या रस्त्यावर राहत होती. आई लहानपणीच गेल्यामुळे वहिनींना तिनेच वाढवलं होतं. तीच आता अंथरुणाला खिळली होती. सासूला सोडून वहिनींना जाता आलं नव्हतं, आणि आता जायचं तर वेगळीच पंचाईत. वहिनींना गाडी लागे. अशी लागे, की बस सुटायच्या आधी डिझेलच्या वासानेच त्यांचा चेहरा पांढरा पडे. मागे एकदा निम्म्या वाटेतल्या दवाखान्यात सलाईन लावून त्यांना परत आणावं लागलं होतं. दुचाकीवर मात्र त्रास होत नसे. तोंडावर वारा असला की त्या ठीक असत. पण गादीवाल्यांच्या जुन्या स्कूटरला गल्लीतला चढसुद्धा जड जाई, तिथे घाट कुठला चढणार?

म्हणून गादीवाल्यांनी एक वापरलेली मोटारसायकल घेतली. लांबच्या प्रवासासाठीच बनवलेली, मोठ्या टाकीची, पुढे उंच काच असलेली. आधीच्या मालकाने हौसेने घेतली होती आणि आळसाने उभी ठेवली होती. गादीवाल्यांनी ती दारात आणली तेव्हा वहिनींनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"केवढी आहे हो ही. हिला काय, जिना लावून चढायचं?"

"मी आहे ना," गादीवाले म्हणाले.

आता हिच्यावर आधी काय करायचं, यावरून दोन्ही दुकानांत रोज खल सुरू झाला. येणारा-जाणारा आपली अक्कल पाजळून जाई. कुणी म्हणे जास्त उजेडाचे दिवे लाव, कुणी म्हणे हँडल उंच करून घे. थांबाने सगळ्यांना हाकललं आणि गुडघ्यावर बसून टायरवर नख ओढून पाहिलं.

"नक्षी शाबूत आहे, पण रबर दगड झालंय. उभ्या गाडीचं असंच होतं. आधी टायर. मग ब्रेकचे पॅड, चेन. आणि चौथं काम, वहिनींच्या पाठीला टेका. मागे सामानाची पेटी बसवू, पेटीला टेका असतोच. दिवसभराचा रस्ता आहे."

टायर, ब्रेक आणि चेनला गादीवाल्यांनी मान डोलावली. त्यातलं त्यांना कळत नव्हतं आणि कळत नाही हे त्यांना कळत होतं. घोडं अडलं ते टेक्यापाशी. थांबाने माळ्यावरून एक पेटी काढून आणली. काळी, भक्कम, पुढच्या बाजूला पाठ टेकायला गादी चिकटवलेली. चार बोल्ट आवळले की काम झालं असतं. गादीवाल्यांनी त्या गादीवर अंगठा दाबला.

"हा फोम आहे? वीट परवडली. आणि हा टाका बघ, बोट घातलं तर उसवेल. माझ्या बायकोच्या पाठीला मी असलं लावू?"

"अरे, टेका म्हणजे अटकाव. त्या मागे जाऊ नयेत म्हणून. मऊ असो नाहीतर कडक."

"गाव माझ्या सीटवर बसतं, आणि माझ्या गाडीवर बाजारातला टेका! लोक तोंडात शेण घालतील. मी शिवतो. आधी सीट करतो, मग तिला शोभेल असा टेका."

थांबाने पेटी परत माळ्यावर टाकली.

सीटचं काम गादीवाल्यांनी जीव ओतून केलं. वहिनींना दुकानात बोलावलं, गाडी मधल्या स्टँडवर उभी केली आणि त्यांना वर बसवलं. सीट आणि मांडी यांच्यामधून आपला तळहात सरकवून ते कुठे भार पडतोय ते पाहत आणि विचारत, "इथे टोचतं? आणि इथे?" वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. लग्न झाल्यापासून कुठे टोचतं, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. खाली घट्ट फोम, त्यावर मऊ, कडेला किंचित उंचवटा, मागच्या काठाला दुहेरी शिलाई. चुकलं की उसवत आणि पुन्हा शिवत. तयार झाल्यावर वहिनी तिच्यावर बसल्या. डोळे मिटून नुसत्या बसून राहिल्या.

"काय झालं? जमली नाही?"

"उतरावंसं वाटत नाही," वहिनी म्हणाल्या.

गादीवाल्यांना आयुष्यात पुष्कळ शाबासक्या मिळाल्या होत्या. ही त्यांनी मनात जपून ठेवली.

टेक्यासाठी लोखंडी चौकट लागणार होती. ती करून देणारा वेल्डर आजारी पडला, आज देतो, उद्या देतो करत राहिला. दुसऱ्याकडे जायचं गादीवाल्यांच्या जिवावर आलं. तेवढ्यात थोरलीच्या घरून फोन आला, की तिने खाणं सोडलंय, यायचं तर आताच या. वहिनींनी लगेच पिशवी भरली.

थांबा सकाळी निरोप द्यायला आला तेव्हा त्याच्या हातात बोल्ट आवळायचे पाने होते आणि काखेत ती पेटी.

"चार बोल्ट आहेत. तुझा तयार झाला की काढून फेकून दे."

"आल्यावर माझाच बसवतो. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

"मग वहिनींना पेंग आली तर थांब. ऐकतोयस ना? मागे काही नाहीये."

"हिला आणि पेंग?" गादीवाले हसले. वहिनीही हसल्या. घरात ज्या गोष्टीचं दुखणं, तीच त्या सकाळी चेष्टेची झाली.

दुपारपर्यंत प्रवास छान झाला. वहिनींनी थोरलीच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. ती कशी वेणी घट्ट घालायची, कशी रागावली की बोलायची नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून निजायची. एका झाडाखाली डबा खाल्ला. पुढचा रस्ता गुळगुळीत आणि सरळ होता, ऊन कोवळं नव्हतं पण बोचतही नव्हतं. मागून गोष्टी थांबल्या. वहिनींचं हेल्मेट एकदा गादीवाल्यांच्या हेल्मेटवर टकटकलं आणि मग त्यांच्या पाठीवर येऊन टेकलं.

वहिनींना झोप लागली होती.

गादीवाल्यांना ते लगेच कळलं. थांबाचं बोलणंही आठवलं. त्यांनी वेग कमी केला, पण गाडी थांबवली नाही. थांबलो तर ही जागी होईल, आणि जागी झाली की पुन्हा कधी झोपेल कुणास ठाऊक. इतक्या वर्षांत जी झोप डॉक्टरला आणता आली नाही, ती आपल्या सीटने आणली होती. खरं सांगायचं तर त्यांचा ऊर भरून आला होता. पुढच्या चहाच्या टपरीवर उठवू, असं त्यांनी ठरवलं. टपरी आली. ती त्यांनी जाऊ दिली. त्याच्या पुढची येईल तिथे नक्की, असं मनाशी म्हणाले.

त्यानंतरचं वळण अगदी साधं होतं. बुजवलेल्या खड्ड्याचा एक उंचवटा होता, इतकाच. गाडी उडाली आणि हलकी झाली. हलकी झाल्याचं त्यांना आधी जाणवलं, आवाज नंतर आला.

मागून येणाऱ्या एका मोटारवाल्याने दोघांना दवाखान्यात नेलं. वहिनींच्या हेल्मेटला नुसता ओरखडा होता. मानेचं मात्र काही राहिलं नव्हतं. डॉक्टर दारातूनच परत फिरले. गाडी रस्त्यावर राहिली होती, ती मोटारवाल्याचा मित्र चालवत घेऊन आला. किल्ली गादीवाल्यांच्या हातात देताना, काय बोलावं ते न सुचून तो म्हणाला, "सीट फार छान आहे हो तुमची."

सगळं आटोपल्यावर लोक भेटायला येत राहिले. जो तो एकच सांगे, की त्रास झाला नाही, झोपेत गेल्या, भाग्य लागतं. गादीवाले मान हलवत. त्यांना वाटे, कुणीतरी कानाखाली वाजवावी. थांबा तरी बोलेल म्हणून ते त्याच्या तोंडाकडे पाहत बसत. त्याने नुसती गाडी ढकलत आपल्या गॅरेजच्या मागे नेली, तिच्यावर ताडपत्री टाकली आणि माळ्यावरची ती पेटी कुठेतरी नेऊन दिली. ती रिकामी जागा गादीवाल्यांना आपल्या मशीनवरून दिसे.

थोरली जिवंत होती. धाकटी गेल्याचं कळल्यावर उलट ती थोडं थोडं खाऊ लागली होती, असं तिच्या सुनेने फोनवर सांगितलं. देवाचा हिशेब कुणाला कळलाय? मग एक दिवस गादीवाले बसने घाटापलीकडे गेले. जाताना दोन्ही टपऱ्या त्यांनी खिडकीतून पाहिल्या, एक जिथे थांबले नाहीत ती, आणि दुसरी जिथवर पोचलेच नाहीत ती.

थोरलीच्या खोलीत खिडकी उघडी होती. पलंगाशी स्टूल होतं. सून पाणी ठेवून आत गेली. थोरलीने आपला हात पांघरुणाबाहेर काढला आणि गादीवाल्यांनी तो धरला. सवयीने त्यांचा दुसरा अंगठा तिच्या गादीवर गेला. गादी खाली बसली होती, कापूस गोळा झाला होता. त्यांनी अंगठा काढून घेतला.

"रस्त्यात गाडी लागली का हो तिला?" थोरलीने विचारलं. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"नाही. शेवटपर्यंत बोलत होती. तुमच्याबद्दलच बोलत होती. मग झोप लागली."

"आणि तुम्हाला कळलं नाही. कसं कळणार? मागे बसलेलं माणूस दिसतं थोडंच," थोरली म्हणाली. ती त्यांचा हात थोपटत होती.

गादीवाल्यांनी हो म्हटलं असतं तर चाललं असतं. सगळ्या जगापुढे त्यांनी आजवर मानच हलवली होती.

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "डोकं पाठीवर टेकलं तेव्हाच कळलं. मित्राने थांबायला बजावलं होतं. मी मुद्दाम थांबलो नाही. माझ्या सीटवर तिला झोप लागली, याचाच मला आनंद झाला होता."

थोपटणं थांबलं. थोरलीने त्यांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, पांघरुणात नेला, आणि मोठ्या कष्टाने कूस वळवून भिंतीकडे तोंड केलं.

गादीवाले स्टुलावर बसून राहिले. स्टूल कडक होतं. जा, असं ती म्हणाली नाही, म्हणून ते उठले नाहीत.