आक्काच्या पेशी

तेरखेड्यात फटाक्याच्या नळ्या वळण्यात बिरदेवचा हात धरणारा कुणी नव्हता. कागदावरून बोट फिरवलं की जाडी अचूक सांगायचा. घात झाला तो एकदाच. थोरल्या बहिणीच्या, ज्ञानेश्वरीआक्काच्या लेकीच्या लग्नात त्यानं लावलेली फटाक्यांची माळ ओली निघाली. नवरदेव मांडवात येऊन बसला, तरी माळ नुसती फुसफुसत होती. व्याही हसले. आक्कानं त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं.

पुढं बिरदेवला रक्ताचा कॅन्सर झाला. दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशी घालायचं ठरलं, तेव्हा आक्काच्याच पेशी जुळल्या. ती ढोकीहून आली, पेशी दिल्या आणि अवाक्षर न बोलता परत गेली.

चाळीस दिवस दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत काढून बिरदेव घरी आला. महिनाभरात जुलाब लागले. सोलापूरच्या डॉक्टरांनी समजावलं, "बहिणीच्या पेशी तुमच्या आतड्याला परकं समजून भांडत असतील. उद्या सोनोग्राफी करू. आतड्याची भिंत जाड झाली असेल, तर धोका मोठा. पुन्हा भरती व्हावं लागेल, जिवावरही बेतू शकतं."

बिरदेवला भांडणाचं लगेच पटलं. बायको द्वारका म्हणाली, "आधी आक्कांची माफी मागा."

त्यानं फोन लावला. "आक्का, उद्या सोलापूरला पोट तपासणार हायेत. तुझ्या पेशींना आवर."

दोन वर्षांनी आक्काचा आवाज आला. "म्या काय बोलले त्यांना?"

"तू बोलतच न्हाईस. त्यांनी तेच मनावर घेतलंय."

फोन बंद झाला. पण सकाळी आक्का दवाखान्याच्या दारात उभी होती.

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी बिरदेवच्या पोटावर गार जेल लावलं. आक्का त्या पोटाकडं वाकली. "ऐका गं बायांनो. म्या त्याला माफ केलंय. सोडा आता."

"श्वास धरा," बाई म्हणाल्या.

दोघांनीही धरला.

"तुम्ही नाही हो आजी, त्यांनी."

"किती भरली भिंत?" बिरदेवनं विचारलं.

"दोन मिलिमीटर. जाड नाही. रक्तप्रवाहही साधाच आहे."

बिरदेवनं डोळे मिटले. आक्कानं पदर तोंडाला लावला.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "आत्ता तरी धोका कमी दिसतोय. शौचाची तपासणी येईपर्यंत घरीच राहा. जुलाब वाढले तर लगेच या. बाहेरचं काही खाल्लं-प्यायलं होतं का?"

बिरदेव छताकडं बघू लागला.

"सांगा की," द्वारका म्हणाली.

"उसाचा रस. दोन गिलास." थांबून तो म्हणाला, "बर्फ घालून."

आक्का ताठ झाली. "आन् नाव माझ्या पेशींचं? काल दुपारपासून अन्नाला शिवले न्हाय रे म्या!" तिनं तिथूनच घरी फोन लावला. "माझी चार लुगडी पाठवून द्या. हा बरा होईस्तोवर मी तेरखेड्यालाच. काय खातो, काय पितो, बघतेच."

बिरदेवनं डॉक्टरांचा हात धरला.

"सायेब," तो हळूच म्हणाला, "भरतीच करून घेता का?"