आधी शेजारच्याला विचारा

"देवाशी नंतर बोला. आधी शेजारच्याला विचारा, कसा आहेस." मामांची बुधवारची प्रार्थनासभा याच वाक्याने सुरू व्हायची.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, सगळ्या चाळीचा मामा. आमचे मामा नगरकडून पिंपरीला आले आणि कारखान्यात लेथवर लागले. चर्च लांब, शिफ्टमुळे रविवारही हातचा जायचा. म्हणून त्यांनी आम्हा आठ-दहा ख्रिस्ती घरांची सभा आपल्या खोलीत भरवली. आम्हा सगळ्यांना मिळून ते 'मंडळी' म्हणायचे, चर्चला म्हणतात तसं.

त्यांचे कायदे साधे होते. सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं, चर्चचे पाळकसाहेब आले तरी खुर्ची नाही. कधी दुसऱ्या कुणाकडे सभा असली तरी फक्त चहा. गरिबाच्या घराला ओझं नको. इथे ऐकलेलं नळावर बोलायचं नाही. कुणाची प्रार्थना लांबली की मामा खाकरायचे. "भाऊ, देवाला पण उद्या सकाळची शिफ्ट आहे!" हसू दाबताना बायकांची पुरेवाट व्हायची.

मग कारखान्यात संप झाला. आमच्या सभेतला फोरमन पोलिसांच्या गाडीतून आत कामावर गेला. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली, हे आम्हाला सभेतूनच ठाऊक होतं. संप मोडला. काहींना परत घेतलं नाही, त्यांत मामाही होते.

पुढच्या बुधवारी फोरमन आला. मामांनी सरकून त्याला जागा दिली. संपातले सगळे पुरुष उठले.

"ह्याच्या मांडीला मांडी लावून आम्ही प्रभूचं नाव घ्यायचं? काय राव मामा, तुमचीच नोकरी गेली ना!"

"गेली. म्हणून तर मी बोलू शकतो. बसा."

कुणी बसलं नाही. कामगारांनी वेगळी सभा काढली, फोरमननेही त्याच्या बाजूच्या घरांना घेऊन आपल्या घरी काढली. दोन्हीकडून मामांना बोलावणं आलं. त्यांनी सांगितलं, "एकत्र या, त्याच दिवशी चालवतो."

मला आडून बोलता येत नाही. मी म्हटलं, "मामा, एक बाजू धरा. निदान निम्मी माणसं तरी टिकतील."

"माणसं टिकतील, बाई. मंडळी टिकायची नाही."

त्यानंतर दर बुधवारी ते दार उघडं ठेवून सतरंजी अंथरायचे. मामी असायच्या, आणि मी जायचे. बाहेरून चपला वाजल्या की त्यांचं वाचन थांबायचं. चपला पुढे निघून जायच्या. मग ते बोटाने ओळ शोधून पुन्हा वाचू लागायचे.

वर्षभर हे चाललं. एका थंडीत छातीत कळ आली आणि मामा गेले.

मातीला दोन्ही सभा आल्या. शवपेटीला एका बाजूने संपवाले, दुसऱ्या बाजूने फोरमन आणि त्याची माणसं. वर्षभर एकमेकांशी बोलणं नव्हतं. पावलं जुळेनात, पेटी कलायला लागली.

"सरळ धरा हो," मामी मागून म्हणाल्या, "एका अंगावर झोपलं की त्यांना त्रास होतो."

ओढ्याच्या चढावर पेटी खाली ठेवावी लागली. पुन्हा उचलायची तर कुणीतरी एकाने आवाज द्यायला हवा. या बाजूचा देईना, त्या बाजूच्याचा कुणी ऐकला नसता.

मामी पुढे आल्या. पदर खोचला, पेटीवर हात ठेवला.

"उचला," त्या म्हणाल्या.